तलावाच्या काठावर बांधायचंय? आधी पाण्याची रेघ शोधा

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका भावाने विचारलं आहे: "आमची अडीच एकर धानाची शेती मामा (माजी मालगुजारी) तलावाला अगदी लागून आहे. राहायला घर आणि पर्यटकांसाठी चार खोल्या बांधायच्या आहेत, शक्य तितक्या पाण्याजवळ. एक जण म्हणतो, सीआरझेडची परवानगी लागेल, 500 मीटरच्या आत विटही लावता येणार नाही. दुसरा म्हणतो, ग्रामपंचायतीचा दाखला घे आणि काम सुरू कर. खरं काय? कोणकोणत्या परवानग्या लागतील?"

भाऊ, दोघांचंही खरं नाही. मी सिव्हिल इंजिनिअर आहे. भंडारा-गोंदिया भागात वीस-बावीस वर्षं घरं, गोदामं आणि तलावांच्या दुरुस्तीची कामं करते. त्या अनुभवावरून सांगते, परवानग्यांची यादी हा तुमचा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की भर पावसाळ्यात पाणी तुमच्या वावरात कुठपर्यंत येतं आणि ती जमीन कागदावर कोणाची आहे? त्याचं उत्तर मिळालं की कोणत्या ऑफिसला जायचं ते आपोआप कळतं. ते न शोधता केलेला नकाशा कितीही सुबक असला तरी उपयोगाचा नाही.

सीआरझेडचं, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचं, आधी संपवू. तो नियम समुद्रकिनाऱ्याचा आहे. भरतीच्या रेषेपासूनचं 500 मीटरचं अंतर जमिनीच्या बाजूला मोजतात, आणि समुद्राचं पाणी आत शिरतं अशा खाड्यांनाही तो नियम आहे. विदर्भात त्याचा संबंध येत नाही. इथे तो कोणी दाखवला तर ओळखा, की त्याने ऐकीव माहितीवर सल्ला दिलाय. पण सीआरझेड नाही म्हणून मोकळं रानही नाही. आपल्याकडचे नियम वेगळे आहेत आणि ते चार-पाच कायद्यांत विखुरलेले आहेत.

मामा तलावाची गोष्ट अशी, की तो मालगुजाराने, म्हणजे जुन्या काळच्या जमीनदाराने, बांधला, पण मालगुजारी गेल्यावर, म्हणजे 1951 पासून, तलाव सरकारकडे आला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 20 प्रमाणे नदी, नाला, तलाव यांच्या तळाची जमीन सरकारची असते. गावाचे हक्क मात्र तसेच राहिले: गुरांना पाणी, कपडे धुणं, मासेमारी, मूर्ती विसर्जन, गाळ नेणं. हे सगळं निस्तार पत्रकात लिहिलेलं असतं. आपल्या भागातल्या लोकांनी निस्तार पत्रक हा शब्द ऐकलेला असतो, कागद मात्र फार थोड्यांनी पाहिलेला असतो. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून तुमच्या गावाच्या निस्तार पत्रकाची नक्कल काढा, सोबत वाजिब-उल-अर्जची, म्हणजे गावाच्या रूढी आणि वहिवाटींच्या नोंदीचीही. तुमच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, गुरांची वाट किंवा ढिवरांची मासे काढायची जागा नोंदलेली असेल, तर तिथे कुंपण घालता येत नाही. जमीन तुमच्या सातबाऱ्यावर असली तरी नाही.

दुसरा कागद म्हणजे तुमचा सातबारा आणि त्याच्या शेजारी तलावाच्या गटाचा सातबारा. दोन्ही बरोबर वाचा. तलावाच्या गटाचं क्षेत्र किती आणि शेरा काय आहे ते बघा. काठावरच्या एखाद्या पट्टीवर "झुडपी जंगल" असं दिसलं तर तिथेच थांबा. ही नोंद पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांचं वैशिष्ट्य आहे: नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. 22 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की झुडपी जंगल हे वनच आहे. न्यायालयापुढे सुमारे 86 हजार हेक्टर जमिनीचा प्रश्न होता. 12 डिसेंबर 1996 नंतर वाटप झालेल्या अशा जमिनींबाबत न्यायालयाची भूमिका फार कडक आहे. अशा जागेवर बांधायचं तर केंद्र सरकारची वन संवर्धन कायद्याखालची मंजुरी लागते, आणि खाजगी होमस्टेसाठी ती मिळेल हे मनातून काढून टाका. लोक हमखास फसतात ते रस्त्याच्या बाबतीत. जमीन शेतीची, सातबारा स्वच्छ, पण वावराकडे जाणारी पांदण झुडपी जंगलातून जाते. बैलगाडी जाते तोपर्यंत कोणी विचारत नाही. पर्यटकांच्या गाड्यांसाठी मुरूम टाकून रस्ता रुंद केला की वनरक्षक दारात उभा राहतो, आणि त्याचं चुकलेलं नसतं.

तिसरं काम मोजणीचं. भूमी अभिलेख खात्याकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. मोजणी शक्यतो धान कापल्यावर, डिसेंबर-जानेवारीत करून घ्या. तेव्हा धुरे मोकळे असतात आणि पाणीही थोडं उतरलेलं असतं. मोजणीदाराला तलावाच्या बाजूची खूण पक्की दाखवायला सांगा आणि "क" प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, जपून ठेवा. धुरा म्हणजे हद्द असं समजू नका. गाळपेर, म्हणजे पाणी ओसरलेल्या जागेत पेरणी, करता करता दोन पिढ्यांत धुरा पाण्याकडे सरकलेला मी कितीतरी ठिकाणी पाहिला आहे. सरकवणाऱ्याच्या मनात खोट असते असं नाही. उन्हाळ्यात पाणी मागे गेलं, माणसाने नांगर थोडा पुढे नेला, पुढच्या वर्षी आणखी थोडा.

आता पाण्याच्या रेघेकडे येते. सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे आणि सगळ्यात कमी लोक करतात तेही हेच.

मामा तलावाला एका अंगाने पाळ, म्हणजे मातीचा बांध, असते आणि जादा पाणी जायला सांडवा असतो. पाणी सांडव्याच्या माथ्यापर्यंत आलं की तलाव भरला असं आपण म्हणतो. पण जोराचा पाऊस येतो तेव्हा पाणी सांडव्यावरून वाहतं, म्हणजे तलावातली पातळी सांडव्याच्या माथ्याच्याही वर चढते. किती वर, ते सांडव्याची लांबी आणि येव्यावर, म्हणजे तलावात येणाऱ्या पाण्यावर, अवलंबून. म्हणून मी काम घेतलं की आधी ऑटो लेव्हल, म्हणजे उंची मोजायचं यंत्र, सांडव्याच्या माथ्यावर लावते आणि ती पातळी 100.00 धरते. तिथून लेव्हल फिरवत फिरवत प्लॉटवर आणते. वाटेत झाडांच्या बुंध्यांवर जुन्या पाण्याची खूण शोधते. मोहाच्या बुंध्यावर चिखलाची फिकट पट्टी दिसते, तिच्या वर साल काळपट आणि खाली राखाडी. पळसाच्या खालच्या फांद्यांत अडकलेलं गवत, बेशरमीच्या झाळीत अडकलेला कचरा, हेही बोलतात. तुमच्या भागात एखादा म्हातारा ढिवर असेल तर त्याला सोबत घ्या. एका तलावावर असेच एक आजोबा आले होते. काठी टेकत धुऱ्याने चालले, एका ठिकाणी थांबले, काठी रोवली आणि म्हणाले, "इथं होडी बांधली होती मी, बाई." मी लेव्हल लावली. मोहावरची खूण आणि त्यांची काठी यांच्यात चार बोटांचा फरक निघाला.

ही चार बोटंही महत्त्वाची का, ते उताराने कळतं. धानाच्या बांध्या जवळजवळ सपाट असतात. उतार 100 ला 1 असेल तर पाण्याची पातळी पाऊण मीटर चढल्यावर पाणी 75 मीटर आत येतं. मे महिन्यात तुम्ही जिथे उभे राहून "इथून पाणी किती छान दिसतं" म्हणता, ती जागा ऑगस्टमध्ये तलावाचा भाग असू शकते.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत एका गृहस्थाचं तलावाकाठचं घर केलं होतं. लेव्हल मे महिन्यात घेतल्या. पाणी तेव्हा ऐंशी पावलं लांब होतं. निस्तार पत्रक मी मागितलं नाही, मोजणीची वाट पाहिली नाही. मालकाला घाई होती आणि मला काम हवं होतं. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री फोन आला. पाणी ओट्याच्या पायरीला लागलं होतं, पण त्याहून वाईट म्हणजे सेप्टिक टँक उलटा भरला होता आणि संडासाच्या भांड्यातून पाणी वर येत होतं. घरात दोन लहान मुलं होती. पाणी ओसरल्यावर मच्छीमार संस्थेने तक्रार केली, मोजणी झाली, आणि वऱ्हांडा पूर्णच्या पूर्ण तलावाच्या गटात निघाला. तो आम्ही स्वतःच पाडला. खर्चाचा अर्धा भाग मी दिला. तेव्हापासून सांडव्याची पातळी घेतल्याशिवाय मी काठावरच्या घराची एक रेघही ओढत नाही.

जोत्याची पातळी ठरवताना माझा एक साधा नेम आहे. तुमची जमीन पाळीच्या आत, म्हणजे बुडिताच्या अंगाला असेल, तर जोतं पाळीच्या माथ्याएवढं तरी उंच ठेवा. पाणी पाळीच्या वर गेलं तर पाळ फुटते, आणि फुटली की बुडिताकडची पातळी उतरते. म्हणून पाळीचा माथा ही तुमच्या बाजूची वरची मर्यादा आहे. जमीन पाळीच्या खाली असेल तर गणित उलटं होतं. तिथे पाळीच्या पायथ्याशी आणि सांडव्याच्या नाल्यात घर नकोच. सांडव्याचा नाला उन्हाळ्यात पायवाटेसारखा दिसतो, म्हणून लोक तो बुजवतात. तो बुजवला की पाणी पाळीवर चढतं आणि संकट साऱ्या गावावर येतं.

जोतं उंच करायचं म्हणून बांधीत मुरुमाचा भराव टाकायचा विचार असेल तर दोनदा विचार करा. विनापरवाना मुरूम काढला किंवा आणला तर संहितेच्या कलम 48(7) खाली बाजारभावाच्या पाचपट दंड होऊ शकतो आणि ट्रॅक्टर जप्त होतो. शिवाय भरावाने वरच्या बांध्यांचं पाणी अडतं आणि रोवणीच्या वेळी शेजाऱ्याशी भांडण लागतं. त्यापेक्षा कॉलमवर घर उचला आणि खालून पाणी जाऊ द्या. खर्च थोडा वाढतो, पण घर कोरडं राहतं.

आता पाणथळ जागांचे 2017 चे नियम. यांच्याबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ आहे. या नियमांप्रमाणे पाणथळ जागेत अतिक्रमण, भराव, कचरा, सांडपाणी सोडणं याला बंदी आहे. नियम लागू होण्याआधीच्या 10 वर्षांतल्या सरासरी उच्च पूरपातळीपासून 50 मीटरच्या आत कायमस्वरूपी बांधकामालाही बंदी आहे. अपवाद फक्त नावेच्या धक्क्याचा. मात्र याच नियमांच्या व्याख्येतून नदीचं पात्र, धानाची शेती आणि सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले तलाव वगळले आहेत. त्यामुळे मामा तलाव सिंचनाचा, म्हणून नियम लागू नाही, असा युक्तिवाद तुम्हाला ऐकायला मिळेल. दुसऱ्या बाजूला, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2017 मध्ये उपग्रह पाहणीत नोंदलेल्या 2.25 हेक्टरहून मोठ्या 2,01,503 पाणथळ जागांना संरक्षण द्यायला सांगितलं, आणि डिसेंबर 2024 मध्ये अशा जागांची प्रत्यक्ष पाहणी व सीमांकन करायला सांगितलं. शिवाय गोंदिया-भंडाऱ्यातले तलाव म्हणजे सारस पक्ष्याचं घर. सारस संवर्धनासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून याचिका दाखल करून घेतली आहे. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: व्याख्येच्या फटीत घर बांधू नका. 50 मीटर सोडा. ज्या दिवशी तुमच्या तलावाचं नाव सीमांकनात येईल, त्या दिवशी तुमची झोप उडणार नाही.

तुमचा तालुका अर्जुनी मोरगाव, म्हणजे नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प लांब नाही. गाव पर्यावरण संवेदनशील क्षेत्रात येतं का, हे वन विभागाच्या उपवनसंरक्षक कार्यालयात गट क्रमांक देऊन लेखी विचारा. अशा क्षेत्रांच्या अधिसूचनांत साधारण एक कलम असतं: संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून 1 किलोमीटरच्या आत नवीन व्यावसायिक हॉटेल, रिसॉर्ट चालत नाही, पण निसर्ग पर्यटनासाठी छोटं, तात्पुरतं बांधकाम चालतं, आणि स्थानिकाला स्वतःच्या जमिनीवर स्वतःसाठी घर बांधता येतं. म्हणजे तुमचं घर आणि तुमच्या चार खोल्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्ज करतानाही वेगळ्या ठेवा. "राहतं घर" म्हणून परवानगी घेऊन मग पाहुणे उतरवले तर पुढच्या तक्रारीत घरही अडचणीत येतं.

ग्रामपंचायतीचा दाखला आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. ग्रामपंचायतीचा बांधकाम परवानगीचा अधिकार मुख्यतः गावठाणाच्या हद्दीतला. तुमचं वावर गावठाणाबाहेर आहे, म्हणून अकृषक वापर आणि नकाशा मंजुरी यासाठी तहसील आणि नगररचना कार्यालयाकडे जावं लागतं. गावठाणाला लागून असाल तर जमीन महसूल संहितेत अकृषक वापराची सोपी वाट आहे का ते तहसीलदारांना विचारा. खोल्यांसाठी राज्याचं 2020 चं कृषी पर्यटन धोरण बघा. किमान 1 एकर शेती असलेला कास्तकार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करू शकतो. तुमच्या अडीच एकराला ते बसतं. नोंदणी झाली म्हणून तलावाचे किंवा वनाचे नियम मात्र सुटत नाहीत.

तलावाचं व्यवस्थापन कोणाकडे आहे तेही शोधा. 100 हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे असतात, त्याहून मोठे राज्याच्या खात्याकडे. तिथून ना-हरकत पत्र घ्या आणि त्यात पूर्ण संचय पातळी (तलाव पूर्ण भरल्यावरची पाण्याची पातळी) आणि सांडव्याची पातळी लिहून मागा. गावाला सामूहिक वनहक्क मिळाला असेल आणि तलाव त्यात येत असेल, तर ग्रामसभेचा ठराव सगळ्यात आधी. बोटिंगचा विचार असेल तर तलावात मासेमारीचा ठेका कोणत्या संस्थेचा आहे ते बघा. त्यांना विचारल्याशिवाय पाण्यात ट्यूबसुद्धा टाकू नका. माझ्या पाहण्यात काठावरची जितकी कामं बंद पडली, त्यातली बरीच नियमाने नव्हे, गावाच्या नाराजीने बंद पडली. आधी गेट लागलं, मग गुरांची वाट अडली, मग तक्रार गेली, आणि त्या तक्रारीच्या मागून सगळे नियम आले.

तलावाऐवजी नदी किंवा मोठं धरण असलेल्यांसाठी थोडं लिहिते, कारण असे प्रश्नही येतात. नदीकाठी जलसंपदा खात्याची निळी रेषा आणि लाल रेषा बघतात. निळी साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्याच्या आत बांधकाम नाही, दोन्हींच्या मध्ये निर्बंधांसह. ऑगस्ट 2020 च्या शेवटी वैनगंगेला आलेला पूर ज्यांनी भंडारा, ब्रह्मपुरी, गडचिरोलीत पाहिला, त्यांना या रेषा कशासाठी असतात ते सांगावं लागणार नाही. वरच्या धरणांतून पाणी सुटलं, गोसीखुर्दचे सगळे 33 दरवाजे उघडले, आणि जिथे कधी पाणी येत नव्हतं तिथे आलं. गोसीखुर्दच्या बुडिताकाठी जमीन घेत असाल तर पूर्ण संचय पातळी 245.50 मीटर लक्षात ठेवा, आणि खात्याने संपादन केलेल्या हद्दीचे दगड स्वतः जाऊन पाहा.

सांडपाण्यावर जरा थांबते, कारण तलाव खराब होतात ते मुख्यतः याने. पावसाळ्यात काठाजवळ जमिनीखालचं पाणी हात-दोन हातांवर असतं. शोषखड्डा तेव्हा शोषत नाही, उलट भरतो, आणि मैला सरळ तलावात जातो. त्याच तलावात लोक आंघोळ करतात, गुरं पाणी पितात, मासे वाढतात. म्हणून टाकी पाणी न झिरपणारी करा आणि घराच्या तलावाविरुद्ध बाजूला ठेवा. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान 18 मीटर लांब आणि जमिनीच्या वर उचलून बांधा. स्वयंपाकघराचं पाणी केळी आणि कर्दळीच्या वाफ्यातून जाऊ द्या. चार खोल्यांचे पाहुणे म्हणजे रोज आठ-दहा माणसांचा साबण, तो देवधान आणि कमळ असलेल्या उथळ पाण्यात सोडायचा नाही. सारस आणि बदकं जिथे उतरतात तिथे रात्रभर फोकसही लावू नका. पाहुणे ज्यासाठी येणार आहेत तेच त्याने निघून जातं.

तर तुमच्या अडीच एकरात काय करावं? या सप्टेंबरला, तलाव पूर्ण भरून सांडवा वाहत असेल तेव्हा, दोरी, खुंट्या आणि चुना घेऊन वावरात जा. पाणी जिथे टेकलंय तिथे खुंट्या ठोका, झाडांवर रंगाची खूण करा, तारीख दिसेल असे फोटो काढा. तिथून 50 मीटर मोजून दुसरी रेघ मारा. मोजणी झाली की या दोन्ही रेघा "क" प्रतीवर उतरवून घ्या. घर आणि खोल्या दुसऱ्या रेघेच्या पलीकडे, शक्यतो पांदणीकडच्या कोपऱ्यात घ्या. तिथे रस्ता जवळ, वीज जवळ आणि जमीनही थोडी उंच असते. पाण्याजवळ काही हवंच असेल तर दोन रेघांच्या मधल्या पट्ट्यात धान राहू द्या आणि तुमच्याच धुऱ्यावर बांबूची, गवताने शाकारलेली माच उभी करा, दरवर्षी उतरवता येईल अशी. सकाळी सहाला तिथे बसलं की तलाव पूर्ण दिसतो, आणि बांधीत सारसाची जोडी उतरली तर तीही.